माझे हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहणाऱ्या तंत्रज्ञास

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या कार्यालयात आलात ते प्रिंटरच्या दुरुस्तीसाठी. माझ्या लॅपटॉपशी तुमचा काहीही संबंध नव्हता, आणि माझे रडगाणे ऐकून न ऐकल्यासारखे करून तुम्ही निघून गेला असता, तरी कोणी तुम्हाला बोल लावला नसता. त्या गडबडीत तुमचे नीट आभार मानायचे राहिले. ते आता सर्वांदेखत मानते आहे, कारण तुमच्या आधी ज्यांनी या लॅपटॉपची तपासणी केल्याचे सांगितले, त्यांच्याही वाचनात हे पत्र यावे अशी माझी इच्छा आहे.

मुलाखतींची ध्वनिमुद्रणे ऐकून ती शब्दशः उतरवून काढणे हे माझे काम. हेडफोनची पिन लावली की लॅपटॉपचे स्पीकर गप्प होत, हेडफोन जोडल्याची खूण पडद्यावर उमटे, आणि कानात मात्र काहीच नाही. मदतवाहिनीवर दर वेळी नवी व्यक्ती येई आणि पहिल्यापासून तेच विचारी: आवाज बंद केलेला नाही ना, आउटपुटसाठी योग्य उपकरण निवडले आहे ना, ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचे उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, अद्ययावत आहे ना. हे प्रश्न चुकीचे होते असे मी म्हणत नाही. पुष्कळदा आवाज एचडीएमआयने जोडलेल्या एखाद्या पडद्याकडे जात असतो आणि दोष तिथेच सापडतो. पण मी दिलेले उत्तर पुढच्या प्रश्नापर्यंतही टिकत नसे. शेवटी सगळे पुसून फॅक्टरी रीसेट करण्याचा सल्ला मिळाला. दुरुस्ती केंद्रातील गृहस्थांनी तर पिन न लावताच मदरबोर्ड बदलावा लागेल असे जाहीर केले. हेच हेडफोन मोबाइलवर उत्तम चालतात, हे मी त्यांना सांगत होते. त्यावर ‘मोबाइलची गोष्ट वेगळी’ एवढेच उत्तर आले.

तुम्ही मात्र ‘मी लावून पाहू का?’ असे विचारलेत, हेडफोन स्वतःच्या कानाला लावलेत, एक गाणे सुरू केलेत आणि ते बराच वेळ, काही न बोलता ऐकत राहिलात. एवढीच कृती. इतक्या लोकांनी माझ्या हेडफोनवर मते दिली होती, पण त्यांतल्या एकानेही ते कानाला लावले नव्हते. मग तुम्ही म्हणालात, ‘वाद्ये लांबून ऐकू येताहेत, गाणारी व्यक्ती कुठे आहे?’ दोषाचा पत्ता त्या एका प्रश्नात लागला.

त्यामागचे कारण तुम्ही सांगितलेत, तेही मला अडाणी न समजता. साडेतीन मिलिमीटरच्या त्या पिनेवरील काळ्या रेषा विजेला अडवतात आणि पिनेचे वेगवेगळे भाग पाडतात: डावा कान, उजवा कान, दोघांची परतीची सामाईक वाट आणि माइक. पिन पुरती आत गेली नाही, तर परतीच्या वाटेचा संपर्क नेमका काळ्या रेषेवर येऊन तुटू शकतो. मग दोन्ही बाजूंच्या आवाजांत जेवढा फरक असेल तेवढाच ऐकू येतो. गायकाचा आवाज बहुधा दोन्हीकडे सारखा ठेवलेला असतो, म्हणून तो नाहीसा होतो. माझ्या मुलाखती तर एकाच माइकवर घेतलेल्या, दोन्ही बाजूंना तंतोतंत एकच, त्यामुळे तिथे पूर्ण शांतता. पिशवीच्या अस्तराचे सूत जॅकच्या, म्हणजे पिन जिथे घालतात त्या छिद्राच्या, तळाशी साचले होते आणि मी पिन जितकी दाबत होते तितके ते घट्ट बसत होते. ते कसे काढलेत याच्या तपशिलात शिरत नाही. मात्र आमच्या सहकाऱ्याने उत्साहाने पुढे केलेली सेफ्टी पिन तुम्ही नम्रपणे परत केलीत आणि लॅपटॉप बंद करून लाकडी काडीनेच काम केलेत, हे नोंदवायलाच हवे. आतल्या नाजूक पट्ट्या वाकल्या असत्या, तर मदरबोर्डवाल्यांचे भाकीत खरे ठरले असते.

यंत्रांची जाण अनेकांना असते, त्या केंद्रातील गृहस्थांनाही असेल. पण समोरचा माणूस जे सांगतो आहे ते खरे असू शकते, असे धरून कामाला लागण्याचे सौजन्य फार थोडे जण दाखवतात. एखाद्या स्त्रीने यंत्राविषयी तक्रार केली की आधी तिच्या समजुतीचीच दुरुस्ती सुरू होते, हा अनुभव मला नवा नाही. तुम्ही माझ्या समजुतीला हात लावला नाहीत. जे मला ऐकू येत नव्हते, ते तुम्ही स्वतः ऐकू पाहिलेत.

तुमच्या कामाच्या नोंदीत माझ्या लॅपटॉपचा उल्लेख नसणार, म्हणून या पत्राची एक प्रत तुमच्या वरिष्ठांकडे पाठवते आहे. प्रिंटरही व्यवस्थित चालतो आहे, हे त्यांच्या माहितीसाठी इथेच लिहून ठेवते. आणि प्रिंटर सोडून दुसरीकडे वेळ का घालवलात, असे त्यांनी विचारलेच, तर उत्तर द्यायला मला बोलवा.

आपली कृतज्ञ,
मुलाखती उतरवून काढणारी