रुंद टायर घेण्याआधी व्यास मोजा

मा. संपादक,

स्पोर्ट्स कारचे टायर बदलताना ‘एक साइज वर घ्या, पकड वाढेल’ हा सल्ला दुकानात सर्रास मिळतो. तो धोक्याचा आहे.

२२५/४५ आर १७ (रुंदी २२५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम म्हणजे धातूचे चाक १७ इंची) चा व्यास ६३४ मिमी. रिम १८ इंची केली तर २२५/४० घ्यावा. व्यास ६३७ मिमी, फरक अर्धा टक्का. २३५/४० आर १८ घेतला तर ६४५ मिमी, म्हणजे पावणेदोन टक्के जास्त. स्पीडोमीटर तेवढा कमी वेग दाखवतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरचा खांदा चाकावरच्या कमानीतल्या प्लास्टिक लायनरला (अस्तराला) घासू शकतो. तिथे चकचकीत काळा पट्टा उमटलेला दिसतो.

रुंदी वाढवताना रिमही तेवढी रुंद हवी, नाहीतर टायर फुगून वळणावर डुलतो. साइजपुढचे ‘९१ डब्ल्यू’ बहुतेक जण वाचतच नाहीत! ९१ म्हणजे टायरमागे कमाल भार ६१५ किलो, डब्ल्यू म्हणजे कमाल वेग ताशी २७० किमी. मूळ टायरपेक्षा हे कमी नको.

चारही चाके ओढणाऱ्या गाडीत फक्त दोन नवे टायर टाकणे तर टाळाच. नव्या-जुन्याच्या घेरातल्या फरकाने डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) तापते. मूळ माप ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरील स्टिकरवर सहसा असतेच.

– एक वाचक, पुणे