आबा, सुमोचा बोल्ट आवळायच्या आधी एवढं वाचा

सडबरी, कॅनडा
२८ मार्च

ती. आबांना आणि आईला शि. सा. नमस्कार.

मी इकडे बरा आहे, थंडी अजून पुरती गेली नाही, दारातला बर्फ काळा पडलाय पण जायचं नाव घेत नाही. काल बारक्याचा फोन आला, म्हणाला सुमोच्या डाव्या लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला चेसीशी जोडणाऱ्या खालच्या हाताचे, बुश बदलून आणले आणि तेव्हापासून गाडी पुढून बसलीय, उजवीकडे फुल स्टेअरिंग मारलं की डावा टायर आत घासतोय, आणि मेस्त्री म्हणतोय पाच मिनिटात बोल्ट आवळून गाडी उचलून देतो. आवाज तुटत होता म्हणून नीट बोलणं झालं नाही, पण रात्री झोप लागली नाही मला, कारण जानेवारीत माझ्या पिकअपला हेच झालं होतं. म्हणून लिहूनच पाठवतोय, बारक्याला समोर बसवून वाचून दाखवा.

इथं हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने बर्फ वितळतो पण गाडीखालचं लोखंड खाऊन टाकतं. माझा डावीकडचा खालचा बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा, गेला होता, एका गॅरेजात पूर्ण लोअर आर्मच बदलून घेतला. संध्याकाळी घरी पार्किंगला रिव्हर्स घेताना उजवीकडे स्टेअरिंग पूर्ण फिरवलं तर डावीकडून खर्रर्र असा आवाज. टॉर्च घेऊन खाली वाकलो, मडगार्डच्या आतलं जे प्लास्टिक असतं त्याच्या मागच्या बाजूला तळहाताएवढा काळा चकचकीत पट्टा पडलेला, बोट फिरवलं तर रबराचा भुगा बोटाला आला.

गॅरेजवाला म्हणाला तुझे हिवाळ्याचे टायर मोठे आहेत. अरे पण याच टायरवर दोन हिवाळे काढले की मी, तेव्हा कुठं घासत होते! मग कामावरचा एकजण म्हणाला शॉकअप गेले असतील, बदल. आबा, हे बारक्याला नीट सांगा, साधा शॉकअप गाडी उचलून धरत नाही, तो फक्त उसळी मारायची थांबवतो, वजन पेलायचं काम त्याचं नाहीच. नवे शॉकअप टाकून गाडी वर येत नसते, पैसे मात्र जातात.

माझ्या पिकअपला पुढं स्प्रिंग नाही, आपल्या सुमोसारखाच टॉर्शन बार आहे. चेसीच्या बाजूने पुढून मागे जाणारा तीन हात लांब पोलादी दांडा, पुढचं टोक लोअर आर्मला अडकवलेलं आणि मागचं एका छोट्या लिव्हरमध्ये, त्या लिव्हरला खालून एक बोल्ट दाबून धरतो. चाक वर आलं की दांड्याला पीळ बसतो आणि तो पीळच गाडी तोलतो. आर्म काढायचा म्हणजे आधी पीळ सोडवावा लागतो, म्हणजे बोल्ट सैल करावा लागतो, आणि खरी चूक तिथंच होते, किती फेरे सोडला ते कुणी मोजत नाही आणि परत बसवताना अंदाजाने आवळतात. मी खाली झोपून बघितलं तर उजवीकडचा बोल्ट जवळजवळ आत गेलेला आणि डावीकडचे आटे चांगले बोटभर बाहेर.

पण पाना लावायच्या आधी मी माप घेतलं, आणि बारक्यानेही आधी तेच करायचं. गाडी सपाट फरशीवर उभी करायची, चारी टायरात हवा सारखी, पुढून दोनतीनदा दाबून हलवायची आणि मग चाकाच्या बरोब्बर मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायचा. जमिनीपासून नाही मोजायचं, टायर झिजलेला असला की माप चुकतं. माझं उजवीकडे २० इंच आलं आणि डावीकडे पावणेएकोणीस, सव्वा इंचाचा फरक! टायर उगाच नव्हता घासत.

आता सुमोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघायला हवी. बुश रबराचे असतात, आतली नळी आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर धरलेलं. गाडी जॅकवर, चाक लोंबकळतंय, अशा वेळी आर्मचे बोल्ट फुल टाईट केले की रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, मग गाडी खाली उतरवली की ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, उंचीपण चुकीची दाखवतं. माझंही तसंच केलेलं होतं. मी गाडीचं वजन चाकांवर ठेवून ते बोल्ट सैल केले, गाडी हलवून बसू दिली आणि तशीच परत आवळली, एवढ्यानेही माप बदललं. म्हणून आधी हे, मगच टॉर्शनचा बोल्ट.

आणि तो बोल्ट फिरवताना पुढचा भाग जॅकने उचलून खाली घोड्या लावायच्या म्हणजे दांड्यावरचा ताण कमी होतो, नाहीतर आटे सोलून निघतात. दोन फेरे, गाडी खाली, चार पावलं पुढं-मागं ढकलायची कारण उतरवल्यावर चाकं तिरकी आत धरून बसतात, मग दाबून हलवून परत माप. मला एकूण नऊ फेरे लागले, अख्खा रविवार गेला. दांडा काढायचाच झाला तर घरी नको, त्यात पीळ भरलेला असतो, लिव्हर सुटून लागली तर हात मोडेल. मेस्त्रीने दांडे काढले होते का तेवढं विचारा, डावा-उजवा अदलाबदल झाला तरी घात होतो, त्यांच्या टोकाला खुणा असतात.

उजवीकडच्यापेक्षा जास्त उचलू नका, बारक्या म्हणेल उंच गाडी भारी दिसते. जास्त पीळ दिला की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, प्रत्येक खड्ड्यात दणका बसतो आणि बॉल जॉइंटवर ताण येतो.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. मी घाईने आधी करून घेतलं, नंतर उंची बदलली आणि चाकांचा कोन परत फिरला, दुसऱ्यांदा पैसे भरले आणि तोवर डाव्या टायरची आतली कड झिजून गेली.

शिंगणापूरच्या यात्रेला माणसं भरून न्यायची आहेत ना? तर हे झाल्याशिवाय गाडी घाटात घालू नका आबा, भरलेली गाडी अजून खाली बसते, वळणावर टायर घासून फाटला तर काय करणार. तोवर दुसऱ्या कुणाची गाडी ठरवा, भाडं मी पाठवतो.

बारक्याला सांगा चारी चाकांची मापं आणि दोन्ही बोल्टचे फोटो पाठव, टेपवरचे आकडे दिसले पाहिजेत. तुमच्याकडे सकाळ असली तरी चालेल, मी जागा राहीन. आईचं गुडघ्याचं औषध संपत आलं असेल, तेही कळवा.

तुमचा,
संतोष