केसपेपरवर कामाची नोंद हवी

महोदय,

अन्नप्रक्रिया कारखान्यात तपासणीसाठी येणारा अधिकारी कामगार स्त्रियांचे हात बारकाईने पाहतो. नखे कापलेली आहेत का, बोटात अंगठी नाही ना, जखम झाकली आहे का, हे तो विचारतो आणि ते योग्यच आहे. मात्र ही तपासणी अन्नाच्या बाजूने होते. तेच हात दिवसभर ओले राहून सोलवटले आहेत का, रात्री बोटांना मुंग्या येऊन झोपमोड होते का, हे विचारणे त्याच्या कामात बसत नाही. आणि ज्याच्या कामात बसते, तो तेथे क्वचितच पोहोचतो.

त्वचारोगांवर उपचार करण्यात माझी बरीच वर्षे गेल्यामुळे हातांविषयी थोडे सविस्तर लिहितो. हात दिवसाला दोन तासांहून अधिक ओले राहिले, किंवा तितकाच वेळ रबरी मोज्यांत घामाने भिजत राहिले, तरी त्वचेवरचे संरक्षक आवरण झिजू लागते. मग मासे, मांस, भाज्या यांच्या रसांतील प्रथिने आत शिरतात आणि साध्या कोरडेपणाचे रूपांतर हट्टी इसबात होते. मोजे दिले म्हणजे जबाबदारी संपली असे मानणारे व्यवस्थापक हे विसरतात की आत ओलावा साचलेले, पुरुषांच्या मापाचे मोजे हेही दुखण्याचे एक कारण असते. त्यात शीतकक्षातील गारठा आणि तासन्‌तास एकाच पद्धतीने सोलणे-कापणे यांमुळे मनगटातील मज्जातंतू दाबला जातो, बोटे बधिर होतात आणि बधिर हातातली सुरी सहज निसटते.

श्वासाचे विकारही नवे नाहीत. पिठाच्या धुळीने बेकरीकामगारांना होणारा खोकला आणि दमा इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० मध्येच नोंदवला होता. खेकडे-कोळंबी उकडताना उठणाऱ्या वाफेतील कणांमुळेही दमा जडू शकतो. साफसफाईच्या वेळी क्लोरीनयुक्त द्रावणात आम्ल मिसळले गेले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. तशी सूचना डब्यावर असते, पण दूरच्या प्रांतातून वा देशातून आलेल्या स्त्रीला ती भाषा वाचता येत नाही.

स्वच्छतागृहाचा प्रश्न तर संकोचामुळे बोललाच जात नाही. सरकत्या पट्ट्यावरचे काम सोडून, अंगावरचे संरक्षक कपडे उतरवून जाण्याइतका वेळ मिळत नाही म्हणून अनेकजणी पाणीच कमी पितात आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेतात. अमेरिकेतील कोंबडीप्रक्रिया उद्योगाविषयी ऑक्सफॅम या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तर डायपर घालून काम करण्याची पाळी आलेल्या कामगारांचे अनुभव आहेत.

स्थलांतरित स्त्रीच्या बाबतीत हे सारे अधिक गंभीर होते, कारण अनेकदा तिची नोकरी, निवारा आणि कंत्राटदार हे एकाच दोरीने बांधलेले असतात. आजारपण सांगितले तर मजुरीबरोबर डोक्यावरचे छप्परही जाईल, ही तिची भीती अनाठायी नसते. जून २०२० मध्ये जर्मनीतील एका मोठ्या मांसप्रक्रिया कारखान्यात दीड हजारांहून अधिक कामगारांना कोविडची लागण झाली, तेव्हा स्थलांतरितांची दाटीवाटीची वसतिस्थाने आणि उपकंत्राटांची साखळी एकदम चर्चेत आली. लहान व्यवसाय वगळता, कत्तल आणि मांसकापणीच्या कामातील उपकंत्राटांवर तेथे १ जानेवारी २०२१ पासून कायद्याने बंदी आली. म्हणजे बदल अशक्य नव्हता. साथ कारखान्याबाहेर पसरण्याची भीती वाटेपर्यंत तो कोणाला तातडीचा वाटला नव्हता, इतकेच.

कायद्यांची वाट पाहत असताना आम्हा डॉक्टरांच्या हाती असलेली एक गोष्ट सुचवतो. ही दुखणी हळूहळू वाढतात. तोवर हंगाम संपतो, ती स्त्री आपल्या मुलखात परतते आणि तेथील डॉक्टर केसपेपरवर फक्त 'इसब' किंवा 'दमा' लिहून मलम वा पंप देतो. कारखान्याच्या नोंदीत ती आजारी नव्हतीच, आणि दवाखान्याच्या नोंदीत ती कामगार नव्हती. (हा दोष माझ्याही हातून अनेकदा घडला आहे.) म्हणून प्रत्येक केसपेपरवर तीन प्रश्नांची उत्तरे लिहिली जावीत: काम काय करता, किती दिवसांपासून करता, आणि सुटीच्या दिवशी त्रास कमी होतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' आले, तर निदानाची दिशा तेथेच बदलते. त्या कागदाची प्रत मात्र कंत्राटदाराकडे न देता तिच्याच हाती, तिला वाचता येईल अशा भाषेत दिली जावी.

– एक निवृत्त त्वचारोगतज्ज्ञ