विमानाचं अंतर छापता, मग वेळही नीट छापा

मा. संपादक,

तुमच्या प्रवासाच्या पानावर दोन विमानतळांमधलं अंतर आणि खाली "प्रवासाचा वेळ" असा आकडा येतो. तो वेळ बहुतेकदा अंतराला ताशी ९०० किमीने भागून काढलेला असतो, आणि लोक त्यावर भरवसा ठेवतात म्हणून हे पत्र.

माझ्या वडिलांना दर ८ तासांनी एक गोळी लागते. लंडनहून न्यूयॉर्कला जायचं होतं, अंतर साधारण ५,५४० किमी, भागाकार केला तर सहा तास दहा मिनिटं. तिकिटावर तर सकाळी ११ ला निघून दुपारी २ ला पोचणार असं दिसत होतं, तिथलं घड्याळ ५ तास मागे असतं हे आमच्या डोक्यातच आलं नाही. म्हणून एकच गोळी खिशात ठेवली, बाकी पाकीट चेक-इन बॅगेत. विमान हवेत असो नसो, गेट सुटल्यापासून गेट लागेपर्यंत ८ तास गेले, त्याआधी विमानतळावर ३ तास आणि नंतर इमिग्रेशनची रांग, दुसऱ्या गोळीची वेळ केव्हाच उलटून गेली आणि बॅग अजून पट्ट्यावर यायची होती. वडील घामाघूम होऊन खुर्चीत बसून राहिलेले, मी ते कधी विसरणार नाही.

वेळ का वाढतो ते समजून घ्यायला अवघड नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचा जोराचा वारा वाहतो, त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला येताना तास-सव्वा तास वाचतो आणि जाताना तेवढाच जास्त लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यात एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं! म्हणजे अंतर तेच, वेळ वेगळा. पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून बघा, लंडन ते लॉस एंजेलिसचा दोरा ग्रीनलँडवरून जातो, सपाट नकाशावरची सरळ रेघ तिथे कामाची नाही. आणि वेबसाइटवर दाखवतात ते अंतर या दोऱ्याचं असतं, विमान तेवढंच उडतं असं नाही. २०२२ पासून रशियाचं आकाश युरोपातल्या बहुतेक कंपन्यांच्या विमानांना बंद आहे, त्यामुळे हेलसिंकी ते टोकियो साडेनऊ तासांच्या आसपास होतं ते आता १३ तासांपर्यंत जातं, शहरं मात्र जिथल्या तिथेच आहेत.

म्हणून कळकळीची विनंती, अंतराच्या शेजारी कंपनीच्या वेळापत्रकातला गेट ते गेट वेळ द्या, जाण्याचा वेगळा आणि येण्याचा वेगळा, आणि सुटण्या-पोचण्याच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या आहेत हे ठळक अक्षरात लिहा. जागा कमी असेल तर अंतर गाळलं तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक