घारीला विष नको, पिल्लांना जाळी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडीत इकडे द्राक्षाचे मणी भरत असतात, तोच घारींचा विणीचा काळ. घरट्यात पिल्लं असलेली घार आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर दिवसभर घिरट्या घालते. एकदा कोंबडीचं पिल्लू मिळालं की त्या अंगणावर तिची नजर बसलीच. शिक्रा हा लहानसा शिकारी पक्षी तर आंब्याच्या फांदीआड दबा धरून असतो, तो आलेला कळतही नाही.

गावठी अंड्यांचे पैसे हा आम्हा बायकांचा हक्काचा हातखर्च. त्यामुळे घारीचा राग येतो, हे मला समजतं. पण त्या रागात मेलेल्या पिल्लाला कीटकनाशक चोळून उकिरड्यावर ठेवण्याचे प्रकार होतात, ते थांबलेच पाहिजेत. ते विष कावळा खातो, कुत्रं खातं, आणि त्या मेलेल्या कुत्र्यावर गिधाड उतरलं तर तेही जातं. अंजनेरीच्या कड्यांवर मोजकी गिधाडं उरली आहेत, ती अन्नासाठी कोसच्या कोस फिरतात. घार, शिक्रा, गिधाड या सगळ्यांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

शिवाय प्रत्येक नुकसान घारीच्या माथी मारू नये. सकाळी खुराड्यात मान फोडलेली मोठी कोंबडी सापडली, तर ते काम मुंगसाचं किंवा रानमांजराचं. वाढलेली कोंबडी घारीला उचलत नाही. तिला फावतात ती दीड-दोन महिन्यांच्या आतली पिल्लं. म्हणजे जीव लावून जपायचं ते तेवढेच दिवस.

आई सोबत असेल तर निम्मं काम तीच करते. घारीची सावली दिसली की कोंबडी मान तिरपी करून एक डोळा आभाळाकडे लावते, घशातून लांब, बारीक आवाज काढते आणि पिल्लं असतील तिथून तुराट्यांच्या आडोशाला पळतात. परसातल्या कुक्कुटपालनाच्या सरकारी योजनेतून मिळणारी पिल्लं मात्र यंत्रात उबवलेली, त्यांना सावध करायला आईच नसते. ती उघड्या अंगणात दाणे टिपत राहतात आणि घारीच्या तोंडी जातात. म्हणून पशुसंवर्धन विभागाला माझी कळकळीची विनंती आहे, की पिल्लांसोबत जाळीही द्यावी. नुसती पिल्लं वाटून परसातलं कुक्कुटपालन उभं राहत नाही.

जाळीसाठी फार लांब जायला नको. द्राक्षबागेवर पाखरांसाठी टाकलेली जाळी जुनी झाली की बागायतदार ती बांधावर फेकतात किंवा पेटवून देतात. मी तीच आणून चार बांबूंवर, तारेचा आधार देऊन ताणली आहे. ताण महत्त्वाचा, सैल जाळीत पक्ष्याचाही पाय अडकतो आणि कोंबडीचाही. कडा मातीत दाबून वर दगड ठेवले की मुंगसालाही सहज शिरता येत नाही. संक्रांतीचा उरलेला नायलॉन मांजा अंगणावर आडवा बांधण्याचा उद्योग मात्र कुणी करू नये, त्याने पंख चिरतात. बांधावरच्या बाभळी राखाव्यात. आमच्या बाभळीवर उन्हाळ्यात कोतवाल पक्ष्याचं घरटं असतं, तेव्हा ती एवढीशी जोडी घारीच्या पाठीवर चोची मारत तिला ओढ्यापार हाकलते. ते झाड मी तोडू दिलेलं नाही.

आणखी एक. चिकनच्या दुकानांतली आतडी-पिसं रस्त्याकडेला टाकली जातात, तिथे घारी आणि कुत्री दोन्ही जमतात आणि तिथून वस्तीत शिरतात. ग्रामपंचायतींनी तो कचरा खोल खड्ड्यात पुरायला लावावा. बागायतदारांनी छाटणीआधी काढलेली जुनी जाळी पंचायतीत आणून द्यावी, फाटलेल्या जाळ्या शिवून द्यायला आमच्या बचत गटातल्या बाया तयार आहेत.

आपली विश्वासू,
एक कोंबडीपालक, ता. दिंडोरी, जि. नाशिक