यावेळी पार्कचं तिकीट काढायचं नाही

प्रिय आई-बाबा,
सा. न.

आई, मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस ना की दर आठवड्याला त्या डिस्नीच्या हॉटेलांमधल्या दुकानांत जाऊन करतेस तरी काय, आणि मी "काही नाही गं, नुसतं बघते" म्हणून विषय बदलला. ते नंतर मनात राहून गेलं. फोनवर नीट सांगता आलं नसतं, मधेच बाबांचा आवाज जातो, मग तू "ऐकू येतंय का" करतेस आणि मुद्दा राहूनच जातो. म्हणून लिहितेय.

आधी हे सांगते की पैसे उडवत नाहीये. दहा वेळा गेले तर एखाद्या वेळी काहीतरी घेते, तेही छोटंसं. इथे ऑर्लँडोत राहायला लागल्यावर एक गोष्ट कळते जी पाच दिवसांसाठी येणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही, की तिकीट लागतं ते पार्कच्या आत जायला. रिसॉर्ट म्हणजे जी राहायची हॉटेलं आहेत त्यांच्या लॉबीत, दुकानात, बाहेरच्या तळ्याकाठी हिंडायला तिकीट लागत नाही. आणि प्रत्येक रिसॉर्टचं दुकान वेगळं, कारण प्रत्येक हॉटेल एकेका कल्पनेवर बांधलेलं आहे, एक आफ्रिकेतलं, एक जंगलातलं लाकडी, एक पॅसिफिकमधल्या बेटासारखं, मग दुकानातला माल पण थोडाफार तसाच. त्या त्या रिसॉर्टचं नाव असलेला टीशर्ट किंवा कॉफीचा मग बहुतेक वेळा तिथेच मिळतो, दुसरीकडे शोधून सापडत नाही.

पूर्वी मी गाडी डिस्नी स्प्रिंग्जला, म्हणजे डिस्नीच्या दुकानांच्या बाजारात, लावायचे, तिथे पार्किंग फुकट आहे, आणि तिथून रिसॉर्टच्या बसा २०२५ पर्यंत कुणालाही घेऊन जायच्या, त्याही फुकट. गुरुवारी ऑफिस सुटलं की जाते. पहिल्या वर्षी जेव्हा इथे कोणीच ओळखीचं नव्हतं तेव्हा संध्याकाळी घरी येऊन भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं वाटायचं, माणसं दिसायची, आनंदात असलेली माणसं, लहान मुलं हातात काहीतरी धरून "हेच पायजे" म्हणून अडून बसलेली. तुम्हाला हे तेव्हा सांगितलं नाही कारण तुम्ही काळजी केली असती. आता ओळखी झाल्यात, मैत्रिणी आहेत, पण गुरुवार सोडवत नाही.

आणि खरं कारण वेगळंच आहे, ते आता लिहूनच टाकते.

तुम्ही आला होतात तेव्हा आपण डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कला गेलो तो दिवस आठवतो का? मे महिना, ऊन असं की डांबर मऊ पडावं, आणि मी सकाळपासून फोनवर कुठल्या राइडला किती मिनिटांची लाइन ते बघत तुम्हाला पळवत होते, कारण एका तिकिटाचे शंभर डॉलरच्या वर दिलेले आणि मला ते सगळे वसूल करायचे होते. बाबांचा गुडघा दुपारीच बोलायला लागला होता पण ते काही म्हणाले नाहीत. आणि आई, तू म्हणालीस, आत शिरल्या शिरल्या मेन स्ट्रीटवर त्या मोठ्या दुकानापाशी, एम्पोरियम म्हणतात त्याला, की जरा आत जाऊन बघूया का. मी म्हणाले नंतर, शेवटी निघताना. निघताना सगळं पार्कच त्या दुकानात शिरतं, आत पाऊल ठेवायला जागा नव्हती, बाबा बाहेर कट्ट्यावर बसलेले, तू दारातूनच बघितलंस आणि म्हणालीस चल, काही नाही त्यात. घरी येईपर्यंत तू गाडीत झोपली होतीस.

मला आता माहितीये की ते दुकान दुपारी दोन-तीनला अर्धं रिकामं असतं. तेव्हा माहिती असायला हवं होतं. तुला काही विकत घ्यायचं नव्हतंच, तुला वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करून शिवण बघायची होती, कापड चोळून बघायचं होतं, तू लहानपणापासून मला प्रत्येक दुकानात असंच शिकवलंस आणि मी नेमकं तिथेच तुला ओढून नेलं. दर गुरुवारी कुठल्याही दुकानात कपड्याची शिवण उलटी करून बघताना मला तू आठवतेस. हे आहे कारण.

म्हणून मी ठरवलंय, यावेळी आलात की पार्कचं एकही तिकीट काढायचं नाही. आपण फक्त रिसॉर्ट बघायचे, एका दिवशी एक, जास्तीत जास्त दोन.

पहिला अॅनिमल किंगडम लॉज. हे २००१ साली उघडलं. लॉबी गवताच्या छपराची असल्यासारखी उंच, आणि मागे गेलं की खरोखरचं माळरान, त्यात जिराफ, झेब्रे, आणि आई, तिथे अंकोले नावाच्या गायी आहेत, त्यांची शिंगं बघशील तर बघतच राहशील, एवढाली जाड आणि वर वळलेली. दुकानाचं नाव झवादी, आणि मला इथलं सगळ्यात आवडतं दुकान हेच, कारण मिकीचे कान एका बाजूला असले तरी आफ्रिकेतल्या कारागिरांच्या हातच्या वस्तू पण मांडलेल्या असतात, कोरीव लाकूड, मणी, विणकाम. टोपलीचा काठ कसा बांधलाय ते मला कळलं नाही, तुला बघताक्षणी कळेल. शेजारच्या किदानी व्हिलेजमध्ये सना नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथे आफ्रिकन जेवणाला आपल्याकडचा हात लागलेला आहे, नान वगैरे वेगवेगळ्या चटण्यांबरोबर येतात आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. बाबा, तुमची जेवणाची काळजी तिथे मिटली.

दुसरं विल्डरनेस लॉज, १९९४ चं. सगळं लाकडाचं, आणि लॉबीत ८२ फूट उंच दगडी शेकोटी, तिचे थर ग्रँड कॅन्यनच्या खडकांच्या थरांसारखे रचलेत. बाबांनी तिथे खुर्चीत बसून ते थर खालून वर वाचायचे, भूगोल शिकवल्यासारखे, आणि तोपर्यंत आम्ही दोघी दुकानात. कोणी उठवत नाही, कोणी विचारत नाही तुम्ही इथे राहताय का.

तिसरं कंटेम्पररी. हे १ ऑक्टोबर १९७१ ला मॅजिक किंगडम उघडलं त्याच दिवसापासून आहे, आणि मोनोरेल त्या इमारतीच्या पोटातून आरपार जाते. आपण दुकानात उभे असलो की डोक्यावरून गाडी येताना दिसते, मला इतक्या वेळा बघून पण थांबून बघावंसं वाटतं. मधोमध मेरी ब्लेअर या चित्रकर्तीने केलेलं टाइल्सचं भित्तीचित्र आहे, ९० फूट उंच, त्यात मुलं, पक्षी, प्राणी आणि एक बकरी जिला पाच पाय आहेत. मुद्दाम काढलेत. ती बकरी कुठे आहे ते मी सांगणार नाही, आईने शोधायची. मोनोरेलला पण तिकीट नाही, तिच्यात बसून पॉलिनेशियनला, त्या पॅसिफिकमधल्या बेटासारख्या हॉटेलला, जाऊन यायचं.

किमतींचं आधीच सांगून ठेवते म्हणजे तिथे धक्का बसायला नको. लेबलवर जी किंमत असते त्यावर कॅशिअरकडे टॅक्स लागतो, ऑरेंज काउंटी या इथल्या जिल्ह्यात साडेसहा टक्के. साधी पिन, म्हणजे कपड्याला लावायचा चित्राचा बिल्ला, म्हटलं तरी दहा डॉलरच्या वर. काही मनापासून आवडलं तर घेऊच, पण ज्याच्यावर सालाचा आकडा छापलेला असतो ते लगेच घ्यायचं नाही, कारण साल उलटलं की तसाच माल बऱ्याचदा आउटलेट मॉलमधल्या कॅरेक्टर वेअरहाउस या डिस्नीच्या दुकानात स्वस्तात येतो, इथले लोक थांबून तिथूनच घेतात. पिनांची अदलाबदल पण चालते, १९९९ पासून सुरू झालेला प्रकार आहे, आपल्याकडची डिस्नीची पिन देऊन दुकानातल्या बोर्डावरची दुसरी घ्यायची. मी एकदा मागच्या बाजूला ओरखडा असलेली पिन बिचकत बिचकत दिली तर काउंटरवरच्या आजी म्हणाल्या, चालेल, हिने प्रवास केलाय. सत्तरीच्या पुढच्या असतील, तास-दोन तास उभ्या राहून काम करतात आणि मुलांशी बोलताना खाली वाकून बोलतात. त्यांना तुम्हाला भेटवायचंय.

आता बाबा, हे तुमच्यासाठी, नीट वाचा. यातल्या कितीतरी ठिकाणी एक मशीन असतं, पेनी म्हणजे एक सेंटचं नाणं दाबायचं. पूर्वी दोन क्वार्टर, म्हणजे पंचवीस-पंचवीस सेंटची नाणी, आणि एक पेनी टाकायची, म्हणजे ५१ सेंट, आता बरीच मशीनं कार्ड घेतात. आत दोन रूळ असतात, रसवंतीच्या चरकासारखे, एका रुळावर उलटं चित्र कोरलेलं, त्यातून नाणं गेलं की लांबोळकं होऊन चित्र उमटून बाहेर येतं, हातात घेतलं तर कोमट लागतं. तुम्ही म्हणाल नाणं विद्रूप करणं गुन्हा आहे. मी पण घाबरून शोधलं, इथल्या कायद्यात फसवणुकीच्या हेतूने केलं तरच गुन्हा.

पण साधी पेनी टाकायची नाही. १९८२ च्या आधीच्या पेनीत ९५ टक्के तांबं असायचं, १९८२ सालात बदल झाला आणि नंतरची पेनी म्हणजे आत जस्त आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा, ती दाबली की मुलामा ताणला जाऊन पांढरे पट्टे दिसतात, चित्र खराब होतं. जुनी तांब्याची पेनी मात्र सुरेख निघते. म्हणून मी बँकेतून पन्नास पेन्यांचे रोल आणते आणि रात्री टेबलावर पसरून साल बघत जुन्या वेगळ्या काढते, तुम्ही तुमचा नाण्यांचा डबा उपडा करून बसायचात अगदी तस्संच, चष्मा तेवढा नाही अजून. आणि आता पेनी पाडणंच बंद झालंय, १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत व्यवहारातली शेवटची पाडली, एक सेंटचं नाणं करायला ३.६९ सेंट खर्च येत होता म्हणून. ही बातमी वाचली तेव्हा पहिली आठवण तुमचीच आली, तुम्ही लगेच कागद घेऊन हिशोब केला असतात.

आत्तापर्यंत अकरा दाबल्यात, एका लिफाफ्यात ठेवल्यात, मागे पेन्सिलीने कुठल्या रिसॉर्टची ते लिहून. पोस्टाने पाठवणार नाहीये, तुम्ही येऊन घ्यायच्यात. उन्हाळ्यात येऊ नका, दुपारी रोज गडगडाट आणि पाऊस असतो, जानेवारी-फेब्रुवारी बघा, हवा छान असते आणि दुकानं पण सुट्ट्या संपल्यामुळे मोकळी. तिकिटाच्या तारखा तुम्ही ठरवा, मी रजा टाकते.

रोलमध्ये एक १९७१ ची पेनी सापडलीय, पार्क उघडलं त्या सालची, लखलखीत. ती दाबली नाहीये. हाताने फिरवायच्या दांड्याचं मशीन मी हेरून ठेवलंय, दांडा बाबांनी फिरवायचा.

तुमची,
मनू

ता. क. आई, एक शाल हँडबॅगेत वरतीच ठेव, दुकानांत एसी फार गार असतो, आणि यावेळी आपण प्रत्येक दुकानात तुला हवा तितका वेळ थांबणार आहोत.