एमबीएच्या अर्जाची तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षातच व्हावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी मी वरिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. कास्तकारांच्या, शेतमजुरांच्या आणि छोट्या दुकानदारांच्या घरांतून आलेली मुले-मुली आमच्याकडे बी.कॉम. आणि बी.ए. करतात आणि त्यांतील काही जण दरवर्षी एमबीएला जायचे ठरवतात. प्रवेश परीक्षेत बरे गुण मिळवूनही यांतील अनेकांचा प्रवेश शेवटी हुकतो आणि बहुतेक वेळा कारण असते ते वेळेत न मिळालेला एखादा कागद. हे टाळता येण्यासारखे आहे आणि ते टाळण्याची पहिली जबाबदारी आम्हा महाविद्यालयांची आहे, या ठाम मतामुळे हे पत्र लिहीत आहे.

बारावी विज्ञानाच्या मुलांना इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा मेडिकलला जायचे असल्याने त्यांची जात वैधता प्रमाणपत्रे, म्हणजे जातीचा दाखला पडताळून खरा ठरवल्याची प्रमाणपत्रे, अकरावी-बारावीतच मार्गी लावली जातात. कनिष्ठ महाविद्यालये त्यासाठी अर्ज भरून घेतात, समाज कल्याण विभागाकडून सूचना येतात, वर्तमानपत्रांतून आवाहने होतात. वाणिज्य आणि कला शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र पदवीची तीन वर्षे हे प्रमाणपत्र कोणी मागत नाही, कारण त्या प्रवेशासाठी जातीचा दाखला पुरतो. मग एमबीएच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे आपण ज्याला कॅप राउंड म्हणतो त्यात, हे प्रमाणपत्र त्याच्याकडे पहिल्यांदाच मागितले जाते. अर्जाची पावती जोडून तात्पुरता प्रवेश घेता येतो हे खरे, परंतु ठरवून दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र सादर झाले नाही तर उमेदवाराचा विचार खुल्या प्रवर्गातून होतो आणि राखीव जागेवर मिळणारे चांगले कॉलेज हातचे जाते.

हे प्रमाणपत्र मिळवायला वेळ का लागतो, हे शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. जात सिद्ध करण्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकापूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे आमच्याकडचे जुने पुरावे त्या राजवटीच्या दप्तरात आहेत. आजोबा-पणजोबा शाळेत गेलेले असतील तर जिल्हा परिषद शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा मिळतो. ते गेलेले नसतील, आणि भूमिहीन कुटुंबांत बहुधा गेलेले नसतातच, तर कोतवाल बुकाची नक्कल काढावी लागते. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवत असे, त्या जुन्या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आहेत. त्यांत बापाचे नाव आणि जात लिहिलेली असते, पण जन्मलेल्या मुलाचे नाव पुष्कळदा नसते. ‘मुलगा झाला’ एवढीच नोंद असते. तो मुलगा म्हणजे आपले आजोबाच, हे वंशावळीच्या शपथपत्राने आणि इतर कागदांनी जुळवून दाखवावे लागते. पाने जीर्ण झालेली असतात, अक्षर लागत नाही, कधी गावच दुसऱ्या तालुक्यात गेलेले असते. हे सगळे पाहता, सीईटीचा, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा, निकाल लागल्यावर या कामाला हात घालणाऱ्या मुलाला वेळ कसा पुरावा?

हेच काम बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात सुरू केले तर हातात सलग दीड-दोन वर्षे असतात. शैक्षणिक कारणासाठी अर्ज करताना लागणारे प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचे कागदही विद्यार्थी कॉलेजात शिकत असताना सहज मिळतात. पदवी घेऊन गेलेल्या मुलाला त्याच कार्यालयात ‘तू आता आमचा विद्यार्थी नाहीस’ असे ऐकावे लागते, हे मी पाहिले आहे आणि ते मला अतिशय खटकते.

नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राचा, म्हणजे मागासवर्गीय कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याचा, घोळ याहून वेगळा आहे. ते मिळते लवकर, पण त्याची मुदत ३१ मार्चला संपते की पुढेही चालते हे विद्यार्थी पाहत नाहीत आणि जुनेच प्रमाणपत्र अपलोड करतात. राज्याच्या प्रवेशासाठीचे प्रमाणपत्र आणि केंद्रीय संस्थांसाठीचे प्रमाणपत्र यांचे नमुने वेगळे आहेत, ही गोष्ट तर फारच थोड्यांना माहीत असते. आमच्या दिग्रस-पुसद भागात बंजारा समाज मोठा आहे. राज्यात हा समाज विमुक्त जाती (अ) प्रवर्गात येतो, परंतु केंद्राच्या यादीत विमुक्त जाती असा स्वतंत्र आरक्षित प्रवर्गच नाही. तिथे महाराष्ट्रातील बंजारा उमेदवाराला इतर मागासवर्गात, केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्रासह अर्ज करावा लागतो. आयआयएमसाठीची कॅट परीक्षा देणारा तांड्यावरचा मुलगा त्या अर्जात ‘व्हीजे’ शोधतो, तो पर्याय सापडत नाही म्हणून खुला प्रवर्ग निवडतो आणि २७ टक्के आरक्षणावरचा आपला हक्क नकळत सोडून देतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राबाबतही असेच आहे. उत्पन्न आठ लाखांच्या आत असले तरी केंद्रीय निकषानुसार पाच एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असलेले कुटुंब त्यातून वगळले जाते. ही जमीन ओलिताची की कोरडवाहू असा भेद त्यात नाही. वऱ्हाडातल्या सहा एकर कोरडवाहूवर घर कसे चालते हे ज्याला माहीत आहे त्याला हा निकष अन्यायाचा वाटेल, मलाही वाटतो. परंतु तो आहे तोवर मुलांना तो आधी कळला पाहिजे.

आता अर्ज भरण्याविषयी. आमच्याकडे बहुतेक अर्ज नेट कॅफेत किंवा सेतू केंद्रात भरले जातात. गर्दीच्या दिवसांत कॅफेवाला वेळ वाचवण्यासाठी स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ईमेल टाकतो, कारण ओटीपी लगेच मिळतो. त्या दिवशी काम होते. पुढे कागदपत्रांत त्रुटी निघाली, अर्ज दुरुस्तीसाठी परत आला, तात्पुरत्या गुणवत्ता यादीवर हरकत घ्यायची दोन-तीन दिवसांची संधी आली, तर त्याचे सगळे संदेश कॅफेवाल्याच्या फोनवर जातात आणि विद्यार्थ्याला काहीच कळत नाही. म्हणून मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचेच असले पाहिजेत आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवला पाहिजे, याविषयी मी वर्गात फार आग्रही असतो.

पसंतीक्रमाचा अर्ज, म्हणजे ऑप्शन फॉर्म, हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा असून आमची मुले तिथेच सर्वांत कमी वेळ देतात. मामाचे घर जवळ आहे किंवा मित्र तिथे चालला आहे म्हणून एखादे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकले जाते. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचीच जागा मिळाली तर ती आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत चांगल्या कॉलेजचा विचार होत नाही, हे नंतर समजून काय उपयोग? आदल्या वर्षी कोणत्या कॉलेजात कोणत्या प्रवर्गाची यादी किती पर्सेंटाइलवर थांबली, याची माहिती राज्य सीईटी कक्ष प्रसिद्ध करतो. ती समोर ठेवून विद्यार्थी आणि शिक्षक एकत्र बसले तर एका दुपारी चांगला पसंतीक्रम तयार होतो.

परीक्षेबद्दल थोडक्यात लिहितो. राज्याच्या एमबीए सीईटीत अडीच तासांत २०० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये. कॅटमध्ये याउलट पर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. दोन्ही परीक्षा इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना गणितापेक्षा उताऱ्यावरचे प्रश्न जड जातात, त्यावर रोज थोडे इंग्रजी वाचन करण्यावाचून इलाज नाही आणि ते दोन महिन्यांत साधत नाही.

नागपूरला २०१५ मध्ये आयआयएम सुरू झाले आणि २०२२ पासून ते मिहानमधील स्वतःच्या परिसरात आहे. वर्धा रोडने नागपुरात शिरताना आमच्या मुलांच्या बसगाड्या त्याच भागातून जातात, पण आपण तिथे अर्ज करू शकतो असे त्यांच्या मनातही येत नाही. आयआयएममध्ये स्थानिकांसाठी राखीव जागा नसतात, त्यामुळे विदर्भात असल्याचा वेगळा लाभ मिळत नाही. मात्र तिथली दारे यवतमाळच्या मुलाला पुण्या-मुंबईच्या मुलाइतकीच उघडी आहेत. कॅटचा अर्ज पोळ्याच्या आसपासच्या दिवसांत भरायचा असतो आणि परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारच्या सुमारास होते. म्हणजे तयारीचे महिने नेमके सोयाबीन काढणीचे आणि कापूस वेचणीचे. ज्या घरात मजूर मिळत नाही म्हणून कॉलेजची मुलेही वावरात उतरतात, तिथे अभ्यासाचे वेळापत्रक उन्हाळ्यातच सुरू झाले पाहिजे, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे.

मुलाखतीपर्यंत पोचलेल्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. उद्दिष्टांचा निबंध कॅफेतल्या नमुन्यावरून उतरवू नका. कोणाचे वडील शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद असतात, कोणाची आई बचत गटाचा हिशेब ठेवते, कोणी सुट्टीत जिनिंगमध्ये काट्यावर बसून कापसाच्या गाड्यांच्या नोंदी करतो. ओलावा जास्त म्हणून भाव कसा तोडला जातो, हमीभाव असताना गरजू कास्तकार व्यापाऱ्याला माल का देतो, सोयाबीन तारण ठेवून कर्ज घेणे केव्हा परवडते, हे या मुलांना घरात बसून माहीत आहे. व्यवस्थापनाच्या शिक्षणाला याहून जवळचा अनुभव कोणता? तो साध्या शब्दांत, आकड्यांसह सांगता आला पाहिजे, एवढाच सराव हवा. कृषी पदवीधरांसाठी तर अहमदाबादच्या आयआयएममध्ये अन्न व कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा आणि हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेमध्ये कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. आमच्या भागातल्या उत्पादक कंपन्यांना चांगले व्यवस्थापक मिळत नाहीत ही तक्रार मी सतत ऐकतो, आणि ते याच मुलांमधून तयार होऊ शकतात.

पैशाच्या बाबतीत पालक घाबरतात आणि त्या घाबरण्याचा फायदा दलाल घेतात. ‘डोनेशन द्या, सीट पक्की’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. खासगी संस्थांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते संकेतस्थळावर पाहता येते. राज्य शासनाच्या शुल्क सवलती कॅपमधून झालेल्या प्रवेशांना मिळतात, संस्था स्तरावर, म्हणजे कॉलेज स्वतः भरते त्या जागांवर, घेतलेल्या प्रवेशाला मिळत नाहीत. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तरीही ‘मुलीवर एवढा खर्च कशाला’ असे म्हणून चांगले गुण असलेल्या मुलींना घरी बसवले जाते, त्या पालकांपर्यंत ही माहिती पोचलीच पाहिजे. निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेतून तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. बापाचे पीककर्ज थकीत आहे म्हणून मुलाला शैक्षणिक कर्जाच्या टेबलावरून तोंडी परत पाठवण्याचे प्रकार आमच्याकडे घडतात. पाऊस न पडल्याची शिक्षा मुलाच्या शिक्षणाला देणे योग्य नाही. अशा वेळी पालकांनी अर्ज पोर्टलवरून करावा आणि नकार दिला तर तो कारणासह लेखी मागावा.

माझी मागणी साधी आहे. अमरावती, नागपूर आणि गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांनी संलग्न महाविद्यालयांना पत्र काढून, वाणिज्य व कला शाखेच्या दुसऱ्या वर्षातील इच्छुक विद्यार्थ्यांचे वैधता प्रमाणपत्राचे अर्ज कॉलेजातूनच भरून घेण्यास सांगावे. अकरावी-बारावी विज्ञानासाठी जी व्यवस्था चालते, तीच इथे लागू करायची आहे. तहसील कार्यालयांनी कोतवाल बुकांचे स्कॅनिंग जिथे अपुरे आहे तिथे पूर्ण करावे. सीईटी कक्षाने प्रवेश फेऱ्यांच्या काळात तालुक्याच्या ठिकाणी किमान एक सुविधा केंद्र ठेवावे, म्हणजे एका त्रुटीसाठी मजुरी बुडवून जिल्ह्याला जाण्याची वेळ येणार नाही.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. सीईटी कक्षाच्या सूचना आणि वेळापत्रके संकेतस्थळावर येतात आणि त्यांचा तपशील बहुतेक इंग्रजीत असतो. अर्जाची मुदत, यादीवरील हरकतींचे दिवस आणि पसंतीक्रम भरण्याच्या तारखा आपण जिल्हा पुरवणीत मराठीतून, ठळक चौकटीत छापाव्यात. आपला अंक गावातल्या ग्रामपंचायतीत आणि एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर वाचला जातो, त्यामुळे ज्या पालकांच्या हाती इंटरनेट नाही त्यांनाही त्या तारखा वेळेत कळतील.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक वाणिज्य शिक्षक,
जि. यवतमाळ